पाठमोरे नानासाहेब

काळ्यासावळ्या माणसाला गोराभुरका करायला सत्यमला चहा येईपर्यंतचा वेळ पुरायचा. चिकलठाण्याच्या अलीकडं, जालना रोडला लागून बद्रीनाथचं फ्लेक्सचं दुकान होतं, तिथं तो डिझायनर. डिझायनर म्हणजे काय, तर गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचा आणि यानं त्यातल्या माणसाचे डाग पुसायचे, गाल भरायचे, मिटलेले डोळे उघडायचे, मुंडकं कापून कोट घातलेल्या धडावर बसवायचं आणि खाली लिहायचं, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. माणूस वारलेला असला तर हेच सगळं करून खाली भावपूर्ण श्रद्धांजली. कोट तोच, धड तेच. त्या एका निळ्या कोटात सत्यमनं अर्धं शहर उभं केलं होतं, जिवंत आणि मेलेलं दोन्ही.

त्या उन्हाळ्यात धंदा जोरात होता. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला, नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तर आलं, आणि जालना रोडच्या दोन्ही अंगांना उठलेल्या नव्या सोसायट्या टँकरवर जगत होत्या. आता टँकर म्हटला की त्याच्या पोटावर फ्लेक्स आलाच. ‘स्वखर्चाने मोफत पाणीवाटप’, आणि शेजारी हात जोडलेले भावी नगरसेवक. महापालिकेची निवडणूक कैक वर्षं झालेलीच नव्हती, त्यामुळं भावी होते ते भावीच राहिले होते, पण त्यांची हौस काही फिटत नव्हती. सत्यम दिवसभर त्यांना गोरं करत बसायचा.

हे झालं पोटापाण्याचं. पोराच्या डोक्यात मात्र वेगळंच खूळ होतं. त्याला गेममधली माणसं घडवायची होती. आपण मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर जो गेम खेळतो, त्यात पळणारा, भांडणारा, मरणारा माणूस काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी बसून तो पडद्यावर माती दाबावी तसा दाबून, ओढून, खरवडून केलेला असतो. ते करणाऱ्याला कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतात. सत्यम हे कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. दुकानाची किल्ली त्याच्याकडंच असायची. उजाडता उजाडता तो येऊन मशीनवर, म्हणजे दुकानाच्या कॉम्प्युटरवर, बसायचा, व्हिडिओ लावून शिकायचा, आणि बद्रीनाथची गाडी दारात थांबली की राक्षस बंद करून नगरसेवक उघडायचा.

घरच्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वडील कडुबा, खुलताबादला त्यांचं चपलांचं लहानसं दुकान. पोरगं शहरात कॉम्प्युटरवर काम करतं एवढ्यावर त्यांनी बरीच वर्षं समाधान मानलं, पण आता त्यांचाही धीर सुटला होता. सत्यमच्या मामानं वाळूजच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. जून लागला की मुकाट्यानं तिथं हजर व्हायचं, असं वडलांनी बजावलं होतं. कंपनीतलं काम वाईट नव्हतं हो, पण दोन पाळ्यांत अंग मोडून घेतल्यावर राक्षस कोण घडवणार, हे सत्यमला पक्कं ठाऊक होतं. जून म्हणजे आपला शेवट, असं त्यानं मनाशी धरून टाकलं होतं आणि कॅलेंडरकडं बघायचंच सोडलं होतं.

पुणे, हैदराबाद, बंगळूर, सगळीकडं अर्ज करून झाले होते. बहुतेकांनी उत्तर द्यायची तसदी घेतली नाही. फोन आला तो एकच, पुण्याच्या एका लहानशा गेम कंपनीतून. नीरजा म्हणून बाई होत्या, तिथलं चित्रांचं सगळं खातं त्या बघायच्या.

“हात चांगला आहे तुझा,” त्या म्हणाल्या. “शरीराचा अभ्यास केलेला दिसतो. पण एक विचारू? तुझी सगळी पात्रं मत मागायला आल्यासारखी का उभी आहेत?”

फोन कानाला तसाच धरून सत्यमनं आपली पात्रं एकेक करून उघडली, आणि काय सांगावं, बाईंचं खरंच होतं. लढवय्या, चेटकीण, लुटारू, सगळे सरळ समोर बघत होते, गाल गुळगुळीत, ओठांवर तेच ते मंद हसू. राक्षसानं तर हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. इतकी वर्षं दिवसा जे हात चालले, तेच पहाटेही चालत होते आणि या बहाद्दराला त्याचा पत्ता नव्हता.

“एक संधी देते,” नीरजाबाई म्हणाल्या. “आमच्या नव्या खेळात जगातलं पाणी संपलंय. एकच विहीर उरलीय आणि तिच्यावर एक म्हातारा राखणदार आहे. तो करून दे. मला तो खरा वाटला पाहिजे, बाकी काही नको. रविवारपर्यंत.”

झालं. पोराची झोप उडाली, जेवण उडालं. पहाटे तो म्हातारा करायला बसायचा आणि ऊन वर येईस्तोवर भावी नगरसेवक तयार व्हायचा. सुरकुती काढावी तर बोट आपोआप ती पुसायला धावायचं. दाढी वाढवली तर वाढदिवसाचा फेटा बांधलेल्या पाटलासारखा दिसायला लागला. कूलरला घालायला पाणी नाही म्हणून बद्रीनाथनं कूलर बंद ठेवला होता, मशीन तापून भणभणायचं. वाळूजच्या कंपनीचं गेट त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागलं होतं.

शेवटी शुक्रवारी त्यानं दुकानाच्या मशीनवरचं जुनं फोल्डर उघडलं. गिऱ्हाइकांनी पाठवलेले मूळ फोटो त्यात पडून असायचे, गोरं होण्याआधीची माणसं. शेकडो चेहरे नजरेखालून घालता घालता एका म्हाताऱ्याशी तो थबकला. नाव होतं नानासाहेब, राहणार चिकलठाणा, होळीच्या सुमारास अपघातात गेलेले. त्यांच्या मुलानं, लक्ष्मणनं, हा फोटो पाठवला होता. कपाळाला आठ्या, मान थोडी कललेली, डोळे बारीक करून बघणारे. आपल्याला काहीतरी विचारलंय आणि ते नीट कळलेलं नाही, अशा माणसाचा चेहरा. सत्यमला आठवलं, त्यानंच ही मान सरळ करून कोटावर बसवली होती, आठ्या पुसल्या होत्या, ओठांना हसू चिकटवलं होतं. कललेल्या मानेवर कोट बसत नव्हता ना.

त्यानं काही विचार केला नाही. विचार करायला सवड कुठं होती? तो चेहरा घेतला, जसा होता तसा, आणि त्यावरून म्हातारा घडवायला लागला. आठीला आठी, सुरकुतीला सुरकुती. पहिल्यांदाच त्याचा हात पुसायला धावला नाही. अंगावर सदरा चढवला, हातात काठी दिली, आणि रविवारी डोळे मिटून पाठवून दिलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. फोनवर नीरजाबाईंचा आवाज बदललेला होता.

“हा माणूस कोण आहे, सत्यम?”

“म्हणजे, मॅडम?”

“हा तू मनानं केलेला नाहीस. असला चेहरा मनानं होत नाही. आम्हाला तू हवा आहेस, आणि हा म्हाताराही खेळात हवा आहे. फक्त एक अडचण आहे. खरा माणूस असेल तर त्याची किंवा त्याच्या घरच्यांची लेखी परवानगी लागेल, त्याचा कागद मी पाठवते. मनानंच केला असशील तर तसं लिहून दे. दोन्हींपैकी एक आल्याशिवाय वरचे लोक तुझं नेमणुकीचं पत्र काढणार नाहीत.”

आता आनंदानं उडी मारावी की नाही? तर हा फोन ठेवून डोकं धरून बसला. मेलेल्या माणसाचा चेहरा न विचारता उचलला होता आणि तो आता देशभर विकायला निघाला होता. हे बद्रीनाथच्या कानावर घातलं, कारण दुसरं सांगायला होतं कोण? बद्रीनाथ तोंडानं फटकळ, पण पोरावर त्याचा जीव होता. मशीन पहाटे कुणासाठी चालतं हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, फक्त तो तसं दाखवत नसे.

“लिही ना बे, मनानं बनविला म्हून,” बद्रीनाथ म्हणाला. “कोण येऊ लागलं चिकलठाण्यातून पुण्याला बघायला?”

“घरच्यांनी गेम बघितला तर?”

“फ्लेक्सवर तू त्यायला हिरो करून टाकलं व्हतं. आता खरं तोंड कोण वळखतंय? लई डोकं चालवू नको. आयती नोकरी आली तर घे अन् नीघ.”

सत्यमनं लिहिलंही. हा चेहरा मी मनाने तयार केला आहे. एवढं एक वाक्य. पण ते पाठवायचं बटण काही त्याच्यानं दाबवेना. यात फार मोठा सच्चेपणा होता असं समजू नका. खोटं बोलायला तो भीत नव्हता, सापडायला भीत होता. उद्या कुणी भाचा-पुतण्या तो गेम उघडील, म्हाताऱ्याला ओळखील, कंपनीला पत्र लिहील, आणि मिळालेलं सगळं जाईल, वर तोंड काळं होईल ते वेगळंच. ही धाकधूक जन्मभर पोटात घेऊन जगायचं, त्यापेक्षा जाऊन विचारलेलं बरं. नाही म्हणाले तर मग बघू, असं म्हणत तो निघाला.

चिकलठाण्याचं जुनं गाव आता चहूकडून इमारतींत अडकलंय. मोठा रस्ता थेट गावाच्या अंगाला भिडलाय आणि त्यावरून टँकर एकामागं एक सुसाट जात होते, खेप वाढवायच्या नादात. सत्यमला घर शोधायला वेळ लागला नाही. दारापुढं निळे ड्रम मांडलेले, आणि ओट्यावर एक बाई पाण्याच्या कळशीला फडकं बांधत होती. ती नानासाहेबांची सून, मोनिका. आत भिंतीला टेकून बसलेली म्हातारी म्हणजे त्यांची बायको, सरूबाई. लक्ष्मण कामावर गेलेला होता.

“कोण रे लेकरा तू?” सरूबाईनं विचारलं.

“मी फ्लेक्सवाला, आजी. नानासाहेबांचा फ्लेक्स मीच केला होता.”

“आस्सं. तो कोटवाला व्हय.” म्हातारी कळशीकडं बघत बोलत होती. “दहाव्याला लावला व्हता चौकात. येता-जाता बघायचे मी. म्हणलं, कोण पाहुणा हे, बिचाऱ्याचे चांगले दिवस दिसतेत. मोनिकानं सांगितलं तवा कळलं, आमचेच म्हून.”

धरणीनं पोटात घ्यावं असं सत्यमला झालं. पाणी पिऊन जा म्हणून मोनिकानं अर्धा पेला पुढं केला. तो त्यानं घेतला, आणि मग अडखळत अडखळत सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय, आपण काय करतो, फोटो कसा उचलला, पुण्याचा कागद. मोनिका फोनवर कधीमधी गेम खेळायची, तिला पटकन कळलं. सरूबाईला कितपत कळलं कोण जाणे.

“दाखीव तरी,” ती म्हणाली.

त्यानं आपला जुना लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. पडद्यावर नानासाहेब उभे राहिले, आठ्या घालून, मान किंचित कलवून. सरूबाईनं पदरानं हात पुसले. सत्यमला वाटलं, आता ही रडेल किंवा आपल्याला हाकलून देईल.

“हेच,” ती म्हणाली. “मागून दाखीव.”

सत्यमनं म्हातारा फिरवला. फोटो काय, समोरचाच होता. पाठीमागचं सगळं त्यानं अंदाजानं भरलं होतं, पुस्तकातल्यासारखी नीट मान, सारखे खांदे, दोन सारखे कान.

“हे कोणाचं केलं?” सरूबाईचा आवाज तीक्ष्ण झाला. “म्होरून ते अन् मागून दुसराच. मान अशी नसती त्यायची. इकडं कललेली, डाव्या अंगाला. उजवा खांदा खाली. कंपनीत उभी हयात गेली पत्रा ठोकायच्या मशीनवर, दांडा ओढून ओढून खांदा उतरला.”

“कोणत्या बाजूनं, आजी? असा?”

“अजून खाली. हां. अन् मान अजून कलव. कान खाल्ले ना त्या मशीननं. उजवा तर पार गेला, डाव्यानं थोडं ऐकू यायचं, म्हून मान तशी. रिटायर झाले तवर तोबी गेला. केस मागून असे नसतेत, हा भोवरा वरी पायजे.”

सत्यम तिच्यापुढं मांडी घालून बसला आणि ती सांगेल तसं करत गेला. खांदा उतरवला, मानेला बाक दिला, सदऱ्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडली. त्याला तहान लागली होती, कपाळाचा घाम डोळ्यांत येत होता, पण हात सुटले होते. ज्या माणसाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं तो माणूस पाठीमागून पुरा होत होता. मोनिकासुद्धा काम टाकून येऊन उभी राहिली.

“तुम्हाला पाठ इतकी कशी आठवते?” त्यानं विचारलं.

“मी मागूनच चालायचे ना. रस्त्यानं जाताना ते म्होरं, मी मागं. गाडी आली की खांद्याला हात लावायचा, की ते कडंला सरायचे. बोलायचं कामच पडायचं नाय.” सरूबाईनं पडद्यावरच्या खांद्याला बोट लावलं, मग काढून घेतलं. “त्या दिवशी गल्लीत टँकर आला. पाण्याचा नंबर माहाच व्हता. म्हणलं, तुम्ही व्हा म्होरं, मी भरून आलेच. ते रोडला लागले. मागून दुसरा टँकर आला, भरलेला. हॉर्न वाजवीत आला म्हणे. लई वाजविला म्हणे.”

सत्यमला हातातला माउस कुठं ठेवावा कळेना. ‘अपघाती निधन’ हे दोन शब्द त्यानं लाल रंगात, मोठ्या अक्षरांत लिहिले होते, हे त्याला आठवलं आणि आपल्याच हाताची शिसारी आली.

सरूबाईनंच कागद मागितला. मोनिकानं तिला कुठं सही करायची ते दाखवलं आणि म्हातारीनं दाबून-दाबून, एकेक अक्षर जोडत सही केली. सत्यमनं कागद घडी करून खिशात घातला. झालं की हो काम. नोकरी खिशात होती. वाळूज सुटलं, मामा सुटला. उठून आभार मानायचे आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

“गेममधी मामंजींचं काय होतं?” मोनिकानं विचारलं.

सत्यम उठता उठता बसला.

“राखणदार आहेत. शेवटची विहीर राखतात.”

“अन् खेळणारा काय करतो?”

“त्याला पाणी हवं असतं.”

“मंग हे देतेत का?”

इथं नुसतं ‘देतात’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोण तपासणार होतं? शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. पण पडद्यावर तो खांदा होता, नुकता उतरवलेला, आणि त्याच्याकडं बघत खोटं बोलायला त्याला जमेना. हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“नाही देत. मग खेळणारा त्यांना मारतो. मारल्याशिवाय पाणी मिळत नाही.” आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, बाकीचंही त्याच्या तोंडून पडलं. “समोरून गेलं तर लढावं लागतं. मागून गुपचूप गेलं की एका फटक्यात मरतात. बहुतेक जण मागूनच जातील.”

“मागून,” सरूबाई म्हणाली.

तिनं हात पुढं केला. सत्यमनं खिशातून कागद काढून तिच्या हातावर ठेवला. ती तो फाडणार आणि आपण तसेच मोटारसायकलवर बसून परत जाणार, एवढं त्याला स्पष्ट दिसलं. तिनं फाडला नाही. मांडीवर घेऊन, हातानं घड्या सरळ केल्या.

“खेळ हे, मला कळतं,” ती म्हणाली. “मारायचं तर मारा म्हणावं, खेळात मरतेतच माणसं. पण मागून कोणी आलं तर त्यायला कळलं पायजे. वळून बघता आलं पायजे. हे लिही खाली. येवढं होत असंल तर माही सही हे. नाय तर नाय.”

“आजी, मी तिथं अजून लागलोसुद्धा नाही. माझं कोण ऐकणार?”

“तू लिही. ऐकायचं का नाय ते बघतील त्यायचं ते.”

इंग्रजीत छापलेल्या त्या कागदाच्या तळाशी सत्यमनं पेनानं मराठीत लिहिलं, तिच्याच शब्दांत. मोनिकानं वाचून दाखवलं, सरूबाईनं मान हलवली, आणि तो बाहेर पडला.

बद्रीनाथनं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

“तू येडा हेस का रे? नोकरी लागायच्या आधीच अट घालू लागला कंपनीला? ते खाली लिहिलेलं कापून स्कॅन कर. तेवढं तरी येतं ना तुला, इतके मुंडके कापलेत आजवर.”

येत तर होतंच, पण मन घेईना. त्यानं अख्खा कागद स्कॅन केला आणि बद्रीनाथचं लक्ष नाही असं बघून पाठवून दिला. त्यानंतर मात्र त्याची जी अवस्था झाली ती विचारू नका. फोन वाजला की दचकायचा, नाही वाजला की त्याकडं बघत बसायचा. आपण काय करून बसलो हे त्याला आता कळत होतं. एका म्हातारीच्या एका वाक्यापायी इतक्या पहाटा पाण्यात घातल्या होत्या. पुण्याहून एक ओळ नाही. वडलांचा फोन आला, मामा विचारतोय, कागदपत्रं काढून ठेव. त्यानं काढून ठेवली. जून लागला. ढग येत होते आणि तसेच निघून जात होते, आणि टँकरांवरचे भावी नगरसेवक उन्हात फिकट पडले म्हणून नवीन छापून मागत होते. सत्यमनं त्यांना गोरं केलं. वाळूजला जायचा दिवसही ठरला.

नीरजाबाईंचा फोन आला तेव्हा तो शाळाप्रवेशाचा एक फ्लेक्स गुंडाळत होता.

“उशीर झाला, सॉरी,” त्या म्हणाल्या. “तुझ्या त्या कागदानं इथं दोन आठवडे भांडणं लावली होती. मागून गपचूप जाणं हाच त्या खेळाचा पाया आहे. खेळ बनवणारी मुलं माझ्यावर चिडली, म्हणाली, हा म्हातारा बदला, दुसरा घ्या.”

“हो, मॅडम,” सत्यम म्हणाला. त्याला आता फक्त हे लवकर संपायला हवं होतं.

“मग त्यातल्याच एकानं करून बघितलं. कुणी मागून आलं की तो मान तिरकी करतो, थांबतो, आणि वळून बघतो. काल सगळं ऑफिस काम सोडून त्याच्या मागून जायचा प्रयत्न करत होतं. कितीही हळू पाय टाका, तो वळतोच. एकालाही जमलं नाही. ते आता तसंच राहणार आहे. ऐकतोयस ना? पत्र पाठवलंय तुला. सोमवारी ये.”

तो हो म्हणाला की नाही, त्याला आठवत नाही. फोन बंद झाल्यावर तो तिथंच फ्लेक्सच्या गुंडाळीवर बसला आणि त्याला रडू फुटलं. बद्रीनाथनं आधी घाबरून विचारलं, मग पत्र वाचलं, मग काहीतरी शिवी देऊन चहा सांगायला बाहेर गेला. वडलांना फोन करायला हवा होता. पण सत्यमनं आधी मोनिकाला लावला.

“आजींना सांगा, ऐकलं कंपनीनं,” तो म्हणाला. “आता कुणी मागून आलं की नानासाहेब वळून बघतात. दर वेळी बघतात. पाय वाजला की वळतातच.”

पलीकडं मोनिकानं ते सासूला सांगितलेलं त्याला ऐकू आलं. मग काही वेळ नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

“म्हंजी आता ऐकू येतंय त्यायला,” सरूबाई म्हणाली.